दोंडाईच्याचा माणूस आणि बुडालेली जहाजं

ऑफिसात कुणी "गाव कुठलं?" विचारलं आणि मी "दोंडाईचा" म्हणालो, की समोरच्याच्या चेहऱ्यावर लोडिंगचं चक्र फिरायला लागतं. मग मी सवयीनं पुढचं पाठ म्हणून टाकतो: धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका, सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन, मिरचीचा मोठा बाजार. समुद्राशी संबंध शून्य. मी पोहायला शिकलो तो मळ्यातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर तापीचं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तोही जुहूला भेळ खाता खाता.

तर अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी टीममधल्या एकानं मेल पाठवला. तीन दिवसांची ट्रिप. पुण्याहून रात्रीची बस, मालवणला राहायची सोय, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग, प्रवाळ बघायचे, आणि जमलं तर पुढच्या सीझनला गोव्यात 'रेक डाइव्ह', म्हणजे बुडालेलं जहाज पाण्याखाली जाऊन बघायचं. आम्ही आठ जण तयार झालो. मी फोनवर घरी सांगितलं. आईनं नेहमीप्रमाणे "सांभाळून जा" म्हटलं. मग फोन नानांकडे (म्हणजे माझ्या आजोबांकडे) गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि अहिराणीत एकच विचारलं,

"तठे मानसं मरेल व्हतीन ना रे? मंग तू काय देखाले जास?"

तिथं माणसं मेली असतील ना? मग तू काय बघायला जातोस?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी "नाना, आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. पण प्रश्न काही डिलीट होईना. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं, दोन वर्षं उशिरानं दिलेलं उत्तर.

आधी थोडा इतिहास, कारण माणूस पाण्याखाली सुट्टी घालवायला लागला ही गोष्ट फार जुनी नाही. पूर्वी पाण्याखाली जायचं तर डोक्यावर तांब्याचं जड शिरस्त्राण आणि वरच्या बोटीतून येणारी हवेची नळी. हे काम पगारी पाणबुड्यांचं. १९४३ साली, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, झाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनिअर या दोघांनी 'अ‍ॅक्वालंग' बनवलं. यातली इंजिनिअरवाल्यांना आवडेल अशी गंमत ऐका. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून गाड्या गॅसवर चालवायचे प्रयोग चालू होते, आणि गान्यांनं त्यासाठी एक व्हॉल्व्ह केला होता. तोच सुधारून त्यांनी माणसाच्या तोंडाला लावला. तुम्ही श्वास घेतला तरच हवा सुटते आणि आजूबाजूच्या पाण्याचा दाब असेल तेवढ्याच दाबानं सुटते. बास. एवढ्या एका पार्टमुळे माणूस नळीतून सुटला.

युद्धानंतर हे यंत्र बाजारात आलं. १९५६ साली कुस्तोच्या पाण्याखालच्या चित्रपटाला कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि जगाला समुद्राचा तळ रंगीत दिसला. १९६६ साली अमेरिकेत 'पाडी' ही संस्था निघाली. तिनं काय केलं, तर डायव्हिंगचा कोर्स बनवला. मॉड्यूल, परीक्षा, सर्टिफिकेट, लेव्हल. (ओळखीचं वाटतंय ना?) एकदा कार्ड मिळालं की जगात कुठेही ते दाखवून टाकी भाड्यानं घेता येते. संघटित डायव्हिंग सुट्ट्यांचा सगळा धंदा या कार्डावर उभा आहे.

आता बुडालेली जहाजं. कुस्तोच्या त्याच चित्रपटात तांबड्या समुद्रातलं एक जहाज दिसतं, 'थिसलगॉर्म'. ब्रिटिश मालवाहू जहाज. ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून बुडवलं. पोटात लष्करी ट्रक, मोटरसायकली, रायफली, बूट आणि डेकवर रेल्वेची इंजिनं. १९९० च्या दशकात इजिप्तच्या शर्म अल-शेखला पर्यटन वाढलं आणि हे जगातल्या सर्वांत गाजलेल्या डाइव्ह साइटपैकी एक झालं. रोज बोटी यायच्या आणि दोर थेट जहाजालाच बांधायच्या. बॉम्बनं जे मोडलं नव्हतं ते सुट्टीवर आलेल्यांच्या दोरांनी वाकलं. आठवण म्हणून सुटे भाग उचलून नेणारे वेगळेच. त्या रात्री त्या जहाजावर नऊ माणसं मेली होती. किती जणांना डाइव्हच्या आधी हे सांगितलं जात असेल?

म्हणजे नानांचा प्रश्न फक्त नानांचा नाही. जगानंही तो विचारलाय. १९६० साली जॉर्ज बास या अमेरिकन माणसानं तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ केप गेलिडोन्याला कांस्ययुगातल्या एका जहाजाचं उत्खनन केलं. त्याचं म्हणणं साधं होतं. पाणबुड्यांनी वस्तू वर आणून द्यायच्या आणि पुरातत्त्ववाल्यांनी काठावर बसून बघायचं, हे चालणार नाही. पुरातत्त्ववाल्यानं स्वतः बुडी मारायला शिकलं पाहिजे. कारण वस्तू कुठे पडली होती, कशाच्या शेजारी होती, ही माहिती वस्तूइतकीच मोलाची. आपल्या भाषेत सांगायचं तर, लॉगमधली एक ओळ उचलून वेगळी ठेवली आणि तिचा टाइमस्टॅम्प पुसून टाकला तर डिबगिंगला तिचा काय उपयोग? २००१ साली युनेस्कोनं पाण्याखालच्या वारशासाठी करार केला. त्याचा गाभा असा: वस्तू शक्यतो जिथं आहे तिथंच ठेवा, तिचा व्यापार करू नका, पण लोकांना जबाबदारीनं बघू द्या.

आता जरा आपल्या घराजवळ या.

गोव्याजवळ सुंची रीफ नावाचा खडक आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी तिथं बुडी मारून सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. सापडलं काय? हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, तोफा, घडवलेले दगड, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि मोठ्या रांजणांच्या खापऱ्या. जहाज? जहाज नाहीच. आपल्या उबदार समुद्रात लाकूड खाणारा शिंपल्याच्या जातीचा एक किडा असतो, तो उघडं लाकूड शिल्लक ठेवत नाही. स्वीडनचं 'वासा' १६२८ साली बुडालं आणि १९६१ साली जवळपास अख्खं वर आलं, कारण बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात हा किडा जगत नाही. आपल्याकडे उरतं ते फक्त दगड, धातू, हस्तिदंत, खापरी. त्यामुळे पर्यटक "आठवण" म्हणून जी खापरी खिशात घालतो, ती कित्येकदा त्या जहाजाची एकुलती एक साक्ष असू शकते.

इथं मला दोंडाईचा आठवलं. समुद्राशी संबंध शून्य असं मी वर म्हणालो ना, ते खरं म्हणजे चूक आहे. सुरत आमच्यापासून रेल्वेनं साधारण दोनशे किलोमीटर. सतराव्या शतकात सुरत हे मुघलांचं मोठं बंदर, आणि सुरतेहून बऱ्हाणपूर-आग्र्याला जाणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जायचा. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ साली याच वाटेनं गेला. पीटर मंडी १६३० साली गेला तेव्हा भयंकर दुष्काळ होता, आणि वाटेवरच्या प्रेतांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. उलट दिशेनं कापड आणि नीळ बैलगाड्यांवर लादून सुरतेला जायची आणि तिथून जहाजात. म्हणजे त्या काळी अरबी समुद्रात बुडालेल्या एखाद्या जहाजाच्या पोटात खान्देशातल्या विणकराचा तागा असणं अगदीच शक्य आहे. कापड काही टिकत नाही, त्यामुळे ते कुणाला सापडणार नाही. पण हिशेबात धरायला काय हरकत आहे?

मराठी माणसाची स्वतःची बुडालेली जहाजंही कमी नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांच्या तोफा चालल्या आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते, हे शाळेच्या पुस्तकात आपण जरा घाईनं उलटलेलं पान. त्याच विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर भर समुद्रात पाण्याखाली एक मोठं पठार आहे, त्यावर प्रवाळ आहेत, आणि त्याचं नाव 'आंग्रिया बँक'. कान्होजी आंग्र्यांचं नाव आजही सागरी नकाशावर छापलेलं आहे, जमिनीवर नाही तर पाण्याखाली.

आणि मग प्रवासी बोटी. ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' सातशेहून अधिक माणसांसकट नाहीशी झाली. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. तिच्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली पोरं होती. तिचे अवशेष सापडलेले नाहीत. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग-रेवसच्या गावांमध्ये सणाला घरी निघालेली माणसं ती. उद्या समजा कुणी 'रामदास' वर डाइव्ह पॅकेज काढलं तर आपण नाव नोंदवू का? मी तरी नाही नोंदवणार. आणि मग 'थिसलगॉर्म'ला का जायचं? मेलेला परका आहे म्हणून?

हा प्रश्न नानांनाच का पडला, हे मला मालवणहून आल्यावर कळलं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून त्यांच्या बहिणीबद्दल बोलले. आत्याआजी नवापूरकडच्या एका खेड्यात दिलेली. १९७२ साली उकाईचं धरण झालं, तापीचं पाणी मागे सरकत आलं आणि ते गाव गेलं. पुढे नर्मदेवर सरदार सरोवर झालं, तेव्हा अक्कलकुव्याचं मणिबेली आणि त्या डोंगरातली गावं गेली. आमच्याकडे या गावांना एक शब्द आहे: 'बुडीत'. अमका बुडीतातला, तमक्याची जमीन बुडीतात गेली. नाना म्हणाले, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आत्याआजी काठावर जाऊन बसायची, घराचा ओटा दिसतो का बघायला. दिसला की रडायची, नाही दिसला तरी रडायची. ज्या माणसानं आपल्या बहिणीला असं बघितलंय, त्याला "बुडालेलं बघायला जातो, मजा येते" हे वाक्य कसं ऐकू आलं असेल? मला त्या दिवशी लाज वाटली.

असो. आता मालवणचं सांगतो.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. (आमच्या दोंडाईच्याचेच जयकुमार रावल २०१६ ते २०१९ राज्याचे पर्यटनमंत्री होते. म्हणजे गावाचा समुद्राशी एवढा तरी सरकारी संबंध!) तलावात सराव होतो, मग समुद्र. पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. दर दहा मीटरला दाब एक वातावरणानं वाढतो. दहा मीटरवर फुफ्फुसात भरलेली हवा श्वास रोखून वर आणली तर दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुसं फाटू शकतात. बारावीत बॉइलच्या नियमाला तीन मार्क होते, इथं जीव आहे.

दुसरी गंमत रंगांची. पाणी तांबडा रंग सगळ्यांत आधी गिळतं. काही मीटर खाली गेलात की लाल वस्तू तपकिरी, मग काळपट दिसते. मी खाली असताना मनात म्हटलं, आमच्या मार्केट यार्डातला मिरचीचा अख्खा ढीग इथं आणून टाकला तर काळा दिसेल. टॉर्च लावला की रंग परत. प्रवाळाचंही तसंच. टॉर्चशिवाय तो दगड वाटतो, पण तो प्राणी आहे, हजारो बारीक जीवांची चाळ. गोलसर दगडी जातीचे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे हातभर उंचीचा गोळा माझ्यापेक्षा वयानं मोठा. पाणी तापलं की हे जीव पोटातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हे मोठ्या प्रमाणावर झालं. २००१ सालापासून प्रवाळांना वाघाच्या बरोबरीनं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे.

हे मला माहीत असण्याचं कारण असं, की आमच्यातल्या एकानं वर येताना प्रवाळाचा तुटका तुकडा मुठीत आणला. आमचा गाइड मालवणचाच, कोळ्याचा पोरगा, विशी-बाविशीचा. त्यानं आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, "दादा, तो परत ठेवून येतो, द्या." टाकी पाठीला होतीच. खाली गेला, ठेवून आला. बोटीवर दहा मिनिटं कुणी बोललं नाही.

नंतर त्याच्याशी गप्पा झाल्या. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर झाला. मासेमारांचा त्याला विरोध होता. साहजिक आहे. कागदावर रेघ ओढणारा दूर बसलेला, आणि रेघेच्या आत ज्याचं जाळं आहे तो इथं. (बुडीतवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको.) पुढे स्थानिक पोरांना डायव्हिंगचं प्रशिक्षण मिळालं आणि ज्या खडकांवर फक्त जाळी फाटायची त्यांच्यावर घरं चालायला लागली. गाइड म्हणाला, "माझा बाप मासे मारतो, मी मासे दाखवतो." पण तो हेही म्हणाला की गर्दी झाली की नवख्या पर्यटकांचे पाय प्रवाळावर पडतात, बोटींचे नांगर पडतात. आणि माणसांचा जीवही स्वस्त होतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. ट्रिप बुक करताना आपण रेट विचारतो, फोटो-व्हिडिओ फुकट आहे का विचारतो. बोटीवर लाइफ जॅकेट किती, एका गाइडमागे माणसं किती, नांगर कुठे टाकता, हे कोण विचारतं?

पुढच्या सीझनला मी कोर्स पूर्ण केला, अठरा मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळालं आणि गोव्याला ग्रँड आयलंडजवळ पहिला रेक डाइव्ह केला. पाणी गढूळ. आधी काहीच नाही, मग एकदम धुक्यातून आल्यासारखा लोखंडाचा गंजका सांगाडा. त्यावर शिंपले, प्रवाळ, माशांचे थवे. भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. आपण कुणाच्या तरी पडक्या वाड्यात न विचारता शिरलोय, एवढंच वाटलं. मी हात छातीशी धरून ठेवले आणि कशालाही लावले नाहीत.

आता एक वेगळी जहाजाची गोष्ट, जी मी नानांना मुद्दाम सांगितली. 'आयएनएस गुलदार'. पोलंडमध्ये बांधलेलं, सुमारे ८४ मीटर लांबीचं, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. १९८५ च्या डिसेंबरात नौदलात आलं, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलानं ते पर्यटन विकास महामंडळाला दिलं. भंगारात न काढता सिंधुदुर्गातल्या निवतीच्या खडकांजवळ बुडवायचं, पाण्याखालचं संग्रहालय करायचं आणि त्यावर प्रवाळ वाढू द्यायचे अशी ही योजना. अशा जहाजातून आधी तेल, वायरी, विषारी रंग काढावे लागतात. अमेरिकेनं २००६ साली 'ओरिस्कनी' ही अख्खी विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली. मुद्दाम बुडवलेलं जहाज म्हणजे प्रवाळांना आयतं घर, आणि नैसर्गिक प्रवाळांवरची गर्दी थोडी तिकडे वळते.

नानांनी विचारलं, त्यात कुणी मेलं नाही ना?

म्हटलं, नाही. रिकामं करूनच बुडवतात.

मग ठीक, म्हणाले. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आमच्या वेळी गावं भरलेली असताना बुडवली.

यावर मी काय बोलणार?

तेव्हा नाना, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, तिथं माणसं मेलेली असतात. मी तिथं मजेसाठीच गेलो होतो, हे खोटं कशाला सांगू. पण आता मी एक नियम केलाय. कुठल्याही रेकवर उतरण्याआधी त्याचं नाव, साल आणि त्यात किती गेले ते शोधून वाचायचं. खाली हात लावायचा नाही, वर काही आणायचं नाही. बोटीवर उरलेल्यांना ती गोष्ट सांगायची, त्यांना कंटाळा आला तरी. आत्याआजी पाण्याच्या काठावर बसून जे करायची ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं, असं मला वाटतं. फरक इतकाच की तिला खाली जाऊन आपला ओटा बघायला कुणी टाकी दिली नाही.

मंडळी, सीझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र बंद. जाणार असाल तर जरूर जा, फक्त रेट विचारून झाल्यावर अजून दोन प्रश्न विचारा.